चेहरा स्कॅन करून नाडी मोजताना: आधी उजेड, मग माणूस, मग फोन

आरोग्य शिबिरात हल्ली एका टेबलावर फोनचा स्टँड दिसतो. समोर खुर्ची, खुर्चीवर माणूस, आणि मिनिटभरात स्क्रीनवर नाडी, श्वास, ऑक्सिजन, रक्तदाब, ताण, कधीकधी हिमोग्लोबिनसुद्धा. रांग भराभर सरकते. संध्याकाळी कागद चाळले की शंभरातल्या नव्वद जणांचा रक्तदाब ११८ ते १२४च्या मध्येच सापडतो. इतका एकसारखा रक्तदाब कुठल्याच वस्तीत नसतो. चूक बहुतेक वेळा अ‍ॅप उघडण्याच्या आधीच झालेली असते: मंडपात, खुर्चीत, नाहीतर आयोजकाच्या घाईत.

हा लेख नागपुरात समाजभवन, शाळा, विहार किंवा बागेत शिबिर लावणाऱ्यांसाठी आहे. घरी आईवडिलांची नाडी फोनवर पाहणाऱ्यांना तिसरा, चौथा, सातवा आणि आठवा टप्पा पुरेसा आहे.

एक गोंधळ आधी दूर करू. चेहऱ्याचं स्कॅन दोन वेगळ्या कामांसाठी होतं. आधारचं फेस ऑथेंटिकेशन माणूस कोण आहे ते ओळखतं, त्याच्या तब्येतीबद्दल काही सांगत नाही. दुसरं स्कॅन चेहऱ्याच्या त्वचेतून नाडी मोजतं, तो माणूस कोण याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. दोन्हींचे फोन, टेबलं आणि संमती वेगळ्या ठेवायच्या.

## टप्पा १: कोणता आकडा घ्यायचा ते ठरवा

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला चेहऱ्याच्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त किंचित वाढतं आणि ओसरतं. रक्त वाढलं की त्वचा थोडा जास्त प्रकाश शोषते. हा फरक डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्यातही तो एक टक्क्याच्या आत असतो. हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषतं, म्हणून कॅमेऱ्याच्या हिरव्या चॅनेलमध्ये ठोका सगळ्यात स्पष्ट उमटतो. अ‍ॅप चेहरा शोधतं, कपाळ आणि गालाचा भाग निवडतं आणि तिथल्या रंगाची लाट मोजतं. पुढच्या सगळ्या सूचना या एक टक्क्याला सांभाळण्यासाठी आहेत.

यावरून कशावर किती भरवसा ठेवायचा ते ठरतं.

नाडी: नीट बसवलेल्या माणसाची, चांगल्या उजेडात, भरवशाची.

श्वास: माणूस खरंच स्थिर असेल तर अंदाज म्हणून चालतो.

रक्तदाब, ऑक्सिजन, हिमोग्लोबिन, साखर: फक्त चेहऱ्यावरून कागदावर लिहायची नाही. त्यासाठी दंडाचा पट्टा, बोटाचा ऑक्सिमीटर आणि रक्ताची तपासणी आहे.

विदर्भात यातला हिमोग्लोबिनचा मुद्दा जास्त जपायला हवा. इकडे सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचे रुग्ण आणि वाहक बरेच आहेत. वाहकाचा चेहरा अगदी ठणठणीत दिसतो, आणि "हिमोग्लोबिन नॉर्मल" असं स्कॅनने म्हटलं की तो पुढची तपासणी टाळतो. सिकलसेलसाठी आधी सोल्युबिलिटी ही रक्ताची प्राथमिक चाचणी आणि ती पॉझिटिव्ह आली की एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या प्रयोगशाळेतल्या पक्क्या चाचण्या, हाच रस्ता. चेहरा त्या रस्त्यावर कुठेच येत नाही.

> थांबा: अ‍ॅपमध्ये रक्तदाबाचा आकडा बंद करायची सोय असेल तर बंदच करा. स्क्रीनवर दिसलेला आकडा माणूस घरी घेऊन जातो, तुम्ही कागदावर लिहा की न लिहा.

## टप्पा २: अ‍ॅप पारखून घ्या

विकणाऱ्याला दोन कागद मागा. पहिला, वैद्यकीय उपकरण म्हणून नोंदणीचा. भारतात १ एप्रिल २०२० पासून आजार ओळखण्यासाठी किंवा लक्ष ठेवण्यासाठी असलेलं सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत येतं. "हे फक्त वेलनेससाठी आहे" असं उत्तर आलं, तर त्या आकड्यावरून कोणाला आजारी किंवा निरोगी ठरवायचं नाही. दुसरा कागद अचूकतेच्या चाचणीचा. रक्तदाबाचा दावा असेल तर सरासरी चूक ५ मिलिमीटर पाऱ्याच्या आत आणि विखुरणी (चुका सरासरीच्या किती मागेपुढे पसरतात) ८च्या आत आहे का, ते विचारा. पट्ट्याच्या यंत्रांना हाच निकष लागतो.

कागद मिळोत न मिळोत, पुढच्या तीन चाचण्या स्वतः करा. अर्धा तास पुरतो.

1. फोटोची चाचणी. कोणाचा तरी मोठा छापील फोटो भिंतीला घट्ट चिकटवा आणि अ‍ॅपने स्कॅन करा. चांगलं अ‍ॅप "सिग्नल मिळत नाही" म्हणेल. कागदाचीही नाडी ७२ दाखवणारं अ‍ॅप तिथेच काढून टाका.
2. वयाची चाचणी. एकाच माणसाचं स्कॅन दोनदा करा, एकदा वय २५ भरून, एकदा ६५. नाडी तीच राहिली आणि रक्तदाब मात्र १५-२० ने चढला, तर तो आकडा चेहऱ्यातून आलेला नाही, तुम्ही भरलेल्या वयातून आलेला आहे. शंभर जणांचा रक्तदाब सारखा का येतो, त्याचं एक कारण इथे सापडतं.
3. जिन्याची चाचणी. धडधाकट तरुणाला दोन मजले चढून-उतरून बसवा. बोटाला ऑक्सिमीटर लावा आणि त्याच मिनिटात स्कॅन करा. ऑक्सिमीटर ११० म्हणत असताना अ‍ॅप ७६ म्हणालं, तर ते फक्त शांत माणसांची सरासरी सांगतंय.

## टप्पा ३: जागा आणि उजेड

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा रेंगाळू.

मंडपाचं कापड. लाल-पिवळ्या कनातीतून गाळून आलेल्या उजेडात हिरवा प्रकाश फार कमी उरतो, आणि ठोका तर हिरव्यातच दिसतो. अशा मंडपात सगळ्यांचे चेहरे टवटवीत दिसतात आणि स्कॅन मात्र वारंवार फसतं. उन्हाळ्यात सिग्नलवर टांगतात तशी हिरवी जाळी लावली तरी काम होत नाही. वाऱ्याने जाळी हलते आणि तिच्या सावलीची नक्षी चेहऱ्यावर नाचते. कापड पांढरं हवं, नाहीतर टेबल पक्क्या छताखाली घ्या.

उजेडाची दिशा. उजेड समोरून आणि दोन्ही गालांवर सारखा पडला पाहिजे. खिडकी माणसाच्या पाठीमागे असली की चेहरा काळवंडतो. अंबाझरी किंवा फुटाळा तलावाकाठी सकाळचं शिबिर असेल तर कोवळं ऊन एकाच गालावर पडतं. खुर्ची झाडाच्या सावलीतही ठेवू नका, कारण पानं हलतात. इमारतीची किंवा भिंतीची एकसंध सावली चांगली.

किती उजेड. चेहऱ्याच्या जागी ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक). फोनमधल्या लक्समीटर अ‍ॅपने अंदाज येतो. मीटर नसेल तर साधी खूण: खुर्चीवर बसून वर्तमानपत्रातली बारीक जाहिरात डोळे न ताणता वाचता आली पाहिजे.

दिव्यांची लुकलुक. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून जुनी ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम (चित्रं) घेत असेल तर ही लुकलुक नाडीच्या वेगाच्या मर्यादेबाहेर पडते. उजेड कमी झाला की फोन गुपचूप फ्रेम कमी करतो, आणि मग घोळ होतो. समजा फ्रेम २४.५ वर आल्या. १०० मधून २४.५ ची चारपट म्हणजे ९८ वजा केले की उरतात २. सेकंदाला २ म्हणजे मिनिटाला १२०. समोरचा माणूस निवांत बसलेला असतो आणि अ‍ॅप त्या दिव्याची "नाडी" १२० दाखवतं.

तपासायला सोपं आहे. फोनचा स्लो मोशन व्हिडिओ लावून दिवा बघा. दिवा फडफडताना दिसला तर तो बदला. दोन चांगले एलईडी पॅनेल, प्रत्येकी १८ ते २४ वॅटचे, फोनच्या दोन्ही बाजूंना, डोळ्यांच्या किंचित वर. समोर पातळ पांढरं कापड लावलं की चकाकी जाते. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर ही तपासणी पुन्हा करा, कारण काही इन्व्हर्टरवर तोच दिवा वेगळा वागतो.

पंखा. छतावरचा पंखा दिवा आणि चेहरा यांच्या मध्ये आला की पात्यांची सावली चेहऱ्यावरून धावते. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३२० फेरे घेत असेल तर सावली सेकंदाला १६ वेळा जाते. फोन १५ फ्रेमवर उतरला असेल तर कॅमेऱ्याला ती सेकंदाला एकदा, म्हणजे मिनिटाला ६० वेळा गेल्यासारखी दिसते. अगदी खरी वाटणारी नाडी! टेबलाच्या वर येणारा तेवढा छताचा पंखा बंद ठेवा. मे महिन्यात नागपुरात हे सांगणं म्हणजे भांडणाला आमंत्रण, म्हणून कूलर लावा, पण बाजूने आणि तोंडावर थेट झोत येणार नाही असा. झोताने केस कपाळावर उडतात आणि ओढणी फडफडते.

पाठीमागची भिंत. साधी, फिकट आणि रिकामी. मागून नातू डोकावला की काही अ‍ॅप्स चेहरा बदलून बसतात आणि अर्धं स्कॅन आजोबांचं, अर्धं नातवाचं होतं. बॅनर लावायचाच असेल तर त्यावर कोणाचा फोटो नको. पाहुण्यांचा हसरा चेहरा अ‍ॅपलाही दिसतो.

> तपासा: त्याच खुर्चीवर एकाच माणसाची पाच स्कॅन लागोपाठ करा. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यात ५ पेक्षा जास्त ठोक्यांचा फरक आला तर माणसाला दोष देऊ नका, आधी उजेड सुधारा.

## टप्पा ४: फोनची तयारी

फोन स्टँडवरच हवा. हातातला फोन हलतो, चेहऱ्याची चौकट सरकते आणि ते सरकणंच अ‍ॅप मोजत बसतं. अंतर ४० ते ६० सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक हात. लेन्स डोळ्यांच्या उंचीला. खालून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला हनुवटी आणि नाकपुड्या दिसतात, कपाळ सुटतं.

ब्युटी मोड बंद करा. आपल्याकडच्या बऱ्याच फोनांत सेल्फी कॅमेऱ्याला तो कंपनीतूनच चालू येतो. तो त्वचेचे बारीक फरक पुसून चेहरा गुळगुळीत करतो, आणि ठोका त्याच बारीक फरकात असतो. एचडीआर, पोर्ट्रेट, फिल्टर, सगळं बंद. अ‍ॅपमध्ये एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करायची सोय असेल तर वापरा.

स्क्रीनचा ब्राइटनेस आपोआप बदलणार नाही असा करा. नोटिफिकेशन बंद, फोन डू नॉट डिस्टर्बवर. स्कॅनच्या मध्ये पांढरा मेसेज उघडला की चेहऱ्यावरचा उजेड बदलतो. लेन्स दर तासाला सुती कापडाने पुसा. उन्हात तापलेला फोन फ्रेम कमी करतो, म्हणून दुसरा फोन सावलीत तयार ठेवा आणि दर दोन तासांनी अदलाबदल करा.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या व्हिडिओवरून "गावच्या काकूंची नाडी काढून द्या" असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. पाठवताना व्हिडिओ दाबला जातो आणि रंगातला तो एक टक्का त्यातच जातो.

## टप्पा ५: आदल्या दिवशीची पडताळणी

दहा-बारा जण गोळा करा. सगळे गोरे-तरुण कार्यकर्ते नकोत. सावळ्या आणि काळ्या रंगाचे किमान निम्मे, दोन दाढीवाले, दोन चष्मेवाले, दोन साठीच्या पुढचे. त्वचेला सावळेपणा देणारं मेलॅनिन जास्त असलं की त्वचेतून परत येणारा प्रकाश कमी होतो आणि सिग्नल मंदावतो. फिकट त्वचेवर नीट चालणारं अ‍ॅप आपल्या माणसांवर चालेलच असं नाही. बोटाच्या ऑक्सिमीटरलाही हा दोष थोडाफार आहे: २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांचा ऑक्सिजन त्याने असावा त्यापेक्षा जास्त दाखवल्याचं दिसलं होतं.

प्रत्येकाची तीन स्कॅन करा, त्याच वेळी बोटाला ऑक्सिमीटर लावा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. नाडीतला फरक दहापैकी नऊ वेळा ५ ठोक्यांच्या आत असेल तर टेबल लावा. फक्त काळ्या रंगाच्या माणसांत फरक जास्त येत असेल तर उजेड वाढवून पुन्हा बघा. तरीही तसंच राहिलं तर त्यांची नाडी थेट ऑक्सिमीटरने घ्या आणि कार्यकर्त्यांना तसं आधीच सांगून ठेवा.

## टप्पा ६: संमती

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३चा आहे. कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी चेहरा आणि तब्येत एकत्र जमा करताना विचारणं हे साधं सौजन्य आहे. संमतीचा कागद मराठीत आणि हिंदीत, एका पानाचा. त्यात चारच गोष्टी: काय मोजणार, व्हिडिओ साठवणार की नाही, आकडे कोणाला दिसणार, नको म्हटलं तरी बाकीची तपासणी होणार. चौथी ओळ सर्रास राहून जाते, आणि मग लोकांना वाटतं की चेहरा दाखवला नाही तर गोळ्या मिळणार नाहीत.

अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकाची संमती लागते. पाच वर्षांखालच्या मुलांचं चेहऱ्याचं स्कॅन करूच नका, ती स्थिर बसत नाहीत. त्यांचे श्वास पोट-छातीकडे बघून पूर्ण ६० सेकंद मोजा, मूल शांत असताना. दोन महिन्यांच्या आतलं बाळ ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास घेत असेल तर ते जलद आहेत. लगेच डॉक्टरांकडे.

आभा, म्हणजे आयुष्मान भारत आरोग्य खात्याचा, क्रमांक १४ अंकी असतो. तो लिहायचा असेल तर नोंदणीच्या टेबलावर लिहा, स्कॅनच्या फोनमध्ये भरू नका.

## टप्पा ७: माणूस बसवणं

आलेल्याला थेट कॅमेऱ्यासमोर बसवलं की तुम्ही त्याची नाडी मोजत नाही, त्याची धावपळ मोजता. उन्हातून, जिना चढून किंवा चालण्याच्या फेऱ्या मारून आलेल्याने आधी १० ते १५ मिनिटं सावलीत बसावं. बाकी सगळ्यांना किमान ५ मिनिटं. त्यासाठी टेबलाच्या आधी पाच-सहा खुर्च्यांची रांग लावा. वाट पाहणं आणि विश्रांती एकाच जागी होते.

विचारायचे प्रश्न तीन: गेल्या अर्ध्या तासात चहा-कॉफी घेतली का, खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) किंवा विडी-सिगारेट झाली का, लघवीला जायचंय का. खर्ऱ्याचं इथे विशेष. तंबाखूने नाडी आणि रक्तदाब दोन्ही चढतात, शिवाय गालात धरलेला खर्रा माणूस नकळत चघळत राहतो आणि गालाची हालचाल कॅमेरा ठोका समजतो. "खर्रा खाता का?" असं विचारलं की उत्तर "नाही" येतं. "काकाजी, तोंडात काही असन तर थुकून, चूळ भरून या जी" असं म्हटलं की माणूस न लाजता उठतो. थुंकायला डबा आणि पाण्याची व्यवस्था टेबलापासून लांब ठेवा. चूळ भरून आल्यावर पुन्हा अर्धा तास मोजायचा.

चेहऱ्याची तयारी:

- उन्हासाठी बांधलेला स्कार्फ, दुपट्टा, मास्क, टोपी काढायची. स्कार्फ काढल्यावर चेहरा लाल आणि घामेजलेला असतो. मऊ कापडाने टिपून घ्या, घासू नका, आणि रंग निवळू द्या. घामाचा थेंब चमकतो आणि ओघळताना उजेड बदलतो.
- कपाळावरचा टिळा, अष्टगंध, भस्म किंवा मोठं कुंकू पुसायला सांगू नका. अ‍ॅपमध्ये फक्त गालांचा भाग निवडता येत असेल तर तो निवडा, नाहीतर ऑक्सिमीटर लावा. श्रद्धेच्या खुणेवर ओला बोळा फिरवून एक आकडा मिळवणं काही शहाणपणाचं नाही.
- फाउंडेशन किंवा सनस्क्रीनचा जाड थर असेल तर आकडा कच्चा समजा. चष्मा काढायचा. दाढी असेल तर कपाळ मोकळं करा.
- बुरख्यातल्या किंवा घुंगट घेणाऱ्या बाईला आडोसा आणि बाई कार्यकर्ती द्या. नको म्हणाल्या तर बोटाचं यंत्र आहेच.

पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडी घातलेली नाही, हात मांडीवर. पंख्याच्या वाऱ्यासाठी कोणी वर्तमानपत्र हलवत असेल तर तेही थांबवा.

## टप्पा ८: स्कॅन

सूचना एकदाच आणि आधी द्या: "एक मिनिट बोलायचं नाही, हसायचं नाही, या ठिपक्याकडं पाहा. पापणी लवली तर लवू द्या. श्वास नेहमीसारखा." शेवटचं वाक्य महत्त्वाचं. "श्वास घ्या" म्हटलं की लोक दीर्घ श्वास घेऊ लागतात आणि मग श्वासाचा आकडा काही कामाचा राहत नाही.

वेळ पूर्ण ६० सेकंद. दहा सेकंदांच्या तुकड्यात सहा-सहा ठोक्यांचा फरकच कळतो, तीस सेकंदांत दोन-दोनचा. "पंधरा सेकंदांत संपूर्ण तपासणी" ही जाहिरात बघितली की हा हिशेब आठवा.

मध्येच खोकला आला, कोणी नमस्कार करत आलं, नाव विचारलं आणि मान वळली, तर स्कॅन रद्द करा. पूर्ण झालेलं पण बिघडलेलं स्कॅन कागदावर गेलं की पुन्हा कोणी शंका घेत नाही. एका मिनिटाने दुसरं स्कॅन. दोन आकड्यांत ५ पर्यंत फरक असेल तर सरासरी लिहा, जास्त असेल तर तिसरं. तिसरंही वेगळं आलं तर अ‍ॅप ठेवून मनगटावर बोटं ठेवा.

वेळेचा हिशेब आयोजकाला आधीच दाखवा. दोन स्कॅन, नोंद आणि माणसांची ये-जा धरून एकाला चार ते पाच मिनिटं. म्हणजे एका फोनवर तासाला १२ ते १५ जण, सहा तासांत फार तर ७२ ते ९०. "तीनशे लोक येणार, एक फोन पुरेल ना?" याचं उत्तर नाही असंच आहे. चार-पाच टेबलं लावा, किंवा स्कॅन फक्त चाळिशीच्या पुढच्यांसाठी ठेवा.

> लगेच थांबा: कॅमेऱ्यात तोंडाचा एक कोपरा खाली ओघळलेला दिसला, हात उचलताना एक खाली पडला किंवा बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात (लकवा) असू शकतो; स्कॅन पूर्ण करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि "शेवटचं ठीक कधी होतं" ती वेळ कागदावर लिहा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सीटी स्कॅन केल्यावर. म्हणून सीटीची सोय असलेलंच रुग्णालय गाठायचं.

## टप्पा ९: आकडा आला, आता खात्री

नाडी ६० ते १००: नोंद करा, पुढे सोडा.

१०० च्या वर किंवा ६० च्या खाली: दहा मिनिटं बसवा, मग मनगटावर पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. ठोके एका तालात आहेत की कधी लवकर, कधी उशिरा, तेही याच मिनिटात कळतं. बेताल नाडीत अ‍ॅप सरासरी काढून ७८ सारखा सभ्य आकडा देतं आणि बेतालपणा त्याच्यामागे लपतो. ताल चुकलेला वाटला तर आकडा कितीही चांगला असो, ईसीजीसाठी पाठवा. बीटा-ब्लॉकर (ठोके मंदावणाऱ्या) गोळ्या चालू असलेल्यांची आणि नियमित धावणाऱ्यांची नाडी मुळातच कमी असते, म्हणून गोळ्यांचं पाकीट बघूनच शेरा लिहा.

१२० च्या वर किंवा ५० च्या खाली, सोबत चक्कर, छातीत दुखणं किंवा धाप: वाट बघायची नाही, १०८.

श्वास: मोठ्या माणसात विश्रांतीत मिनिटाला १२ ते २०. अ‍ॅपने यापेक्षा जास्त दाखवलं तर बोलत बोलत, त्यांना न सांगता, छातीकडे बघून मोजा. खरोखर २४ च्या पुढे असेल तर डॉक्टर.

ऑक्सिजन: बोटाच्या यंत्रावर, आकडा स्थिरावेपर्यंत थांबून. बोटाच्या टोकाला गडद मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर दुसरं बोट. ९४ च्या खाली त्याच दिवशी डॉक्टर, ९० च्या खाली तातडीने रुग्णालय.

रक्तदाब: पट्टा उघड्या दंडावर, हात हृदयाच्या उंचीला टेकवून, एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा. १४०/९० किंवा वर आला तर डॉक्टरांकडे दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायला सांगा, शिबिरातच "तुम्हाला बीपी आहे" असा शिक्का मारू नका. १८०/१२० किंवा वर आणि सोबत डोकं फुटायला लागणं, अंधारी किंवा छातीत दुखणं असेल तर लगेच रुग्णालय.

स्कॅन "सगळं ठीक" म्हणतंय आणि समोरचा म्हणतोय की जिना चढताना दम लागतो, तर त्या माणसावर विश्वास ठेवा. तक्रार असलेल्याला "सगळं ठीक" सांगून घरी पाठवण्याची चूक या टेबलावर सगळ्यात महागात पडते.

## टप्पा १०: चिठ्ठी

चिठ्ठीवर "फेस स्कॅन ॲबनॉर्मल" एवढंच लिहिलं की मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीतल्या डॉक्टरला काहीच कळत नाही, आणि रुग्णाची अर्धी सकाळ रांगेत जाते. अशी लिहा: "दुपारी १२.१०. विश्रांतीनंतर मनगटावर नाडी ११२, बेताल. पट्ट्याने बीपी १५२/९४, १४८/९२. ऑक्सिमीटर ९७. दोन आठवड्यांपासून जिना चढताना धाप. गोळ्या: नाहीत." स्कॅनचा आकडा द्यायचाच तर शेवटी, "अंदाज" असा शब्द जोडून. पाठवण्याच्या ठिकाणाचे ओपीडीचे वार आणि वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवा. गरोदर बाईला न्यायचं असेल तर १०२ ची गाडी मिळते.

एका कार्यकर्त्याकडे फक्त एक काम द्या: आठवड्याने या चिठ्ठीवाल्यांना फोन करून "दाखवलं का जी?" विचारणं.

## टप्पा ११: संध्याकाळचं आवरणं

मंडप उतरायच्या आधी फोन हातात घ्या. अ‍ॅपमधले व्हिडिओ, गॅलरी, "अलीकडे हटवलेले" फोल्डर आणि क्लाउड बॅकअप, चारही ठिकाणं उघडून पाहा. स्कॅनचे व्हिडिओ फोटो अ‍ॅपमधून आपोआप कार्यकर्त्याच्या खासगी खात्यात गेलेले वारंवार सापडतात. बॅकअप आदल्या दिवशीच बंद केला असेल तर हे काम पाच मिनिटांचं.

खुर्चीवर बसलेल्या कोणाचा स्क्रीनशॉट शिबिराच्या ग्रुपवर टाकला गेला असेल तर तो "सर्वांसाठी हटवा" करायचा आणि टाकणाऱ्याला तिथेच सांगायचं. कागदी नोंदी एका माणसाच्या ताब्यात, कुलपात. किती स्कॅन झाली, किती रद्द झाली, किती वेळा मनगट किंवा ऑक्सिमीटर वापरावं लागलं, हे तीन आकडे वहीत लिहा. रद्द झालेल्यांची संख्या पाचातल्या एकाच्या पुढे गेली असेल तर पुढच्या शिबिराआधी तिसऱ्या टप्प्यावर परत या आणि दिव्यांपासून सुरुवात करा.